कारण सांग, मग दाबते

नमस्कार श्रोतेहो. माइनस्वीपर खेळलाय ना? उघडलेल्या घरातला आकडा त्याला चिकटलेल्या घरांत किती खाणी आहेत ते सांगतो. आकडे वाचायचे, खाणी ओळखायच्या, त्यांच्यावर झेंडे लावायचे. 1992 साली विंडोज 3.1 बरोबर तो असंख्य कॉम्प्युटरांवर आला. त्याबद्दल एक तक्रार मी कायम ऐकते: शेवटी नशीबच लागतं, मग याला तर्काचा खेळ का म्हणायचं?

माझ्या ताईचा एक डाव सांगते. सगळ्यात अवघड पातळी, 480 घरं, 99 खाणी. तीनच घरं उघडायची राहिली होती. तळाच्या ओळीत, डाव्या कोपऱ्याला लागून. मधल्या घराच्या डोक्यावर झेंडा, त्या झेंड्याच्या डावीकडे 2, उजवीकडे 4. आजूबाजूचे झेंडे मोजले तर दोन्ही आकड्यांना एकेक खाण कमी पडत होती. डावीकडच्याला ती पहिल्या दोन घरांत हवी, उजवीकडच्याला शेवटच्या दोन घरांत. म्हणजे एक तर मधल्या घरात एकच खाण, नाहीतर दोन्ही टोकांना एकेक.

मी मागून म्हटलं, "ताई, दाब कुठलंही."

"कारण सांग, मग दाबते."

माऊसवरचा हात काढून ती नुसती बघत बसली. बराच वेळ. मग तिने स्क्रीनवर अगदी वरती बोट टेकवलं. उरलेल्या खाणी: 1. एकच! मग टोकांना दोन कुठून येणार? खाण मधल्या घरातच. तिने दोन्ही टोकं उघडली, डाव सुटला. पुन्हा सांगते, उत्तर शेजारच्या आकड्यांत नव्हतं, वरच्या मोजणीत होतं. आणि मी ती मोजणी न बघताच नशिबावर सोडून द्यायला निघाले होते.

त्या मोजणीच्या पलीकडचं घड्याळ मात्र मला मुळीच पटत नाही. हल्ली सुडोकूलाही सेकंद मोजतात. विचार करणाऱ्याला कसली घाई लावता?

असो. खरी कोंडीही असते. कोपऱ्यात दोन घरं, खाण एक, आणि शेजारचा प्रत्येक आकडा दोन्ही घरांना सारखाच लागू. मोजणीही तिथे गप्प. हा अन्यायच, आणि तो डाव मांडणाऱ्याचा. टाळता येतो म्हणून म्हणते. सायमन टॅथम यांच्या कोड्यांच्या संग्रहातला खाणींचा खेळ पहिल्या क्लिकनंतर अंदाजाशिवाय सुटेल असाच डाव मांडून देतो.

ताई अजून जुनाच खेळते. अशी जोडी दिसली की शेवटाला राखून ठेवत नाही, तिथल्या तिथे एक घर दाबते. फुटलंच तर पुढची सगळी मेहनत वाचते.