वजन उतरलं, चरबी आहे तिथेच

(साताऱ्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझ्या दवाखान्यात दाराशीच वजनकाटा आहे. त्यावर चढण्याआधी लोक काय काय करतात ते बघण्यासारखं असतं. चपला काढतात. मोबाईल माझ्या टेबलावर येतो, मागोमाग किल्ल्यांचा जुडगा, पाकीट. एक निवृत्त गुरुजी कमरेचा पट्टासुद्धा काढतात. मी म्हणतो, गुरुजी, पट्टा राहू द्या, मला नंतर तोच बघायचाय.

वजन म्हणजे हाडं, पाणी, स्नायू, चरबी आणि आतड्यात असलेलं कालचं जेवण, या सगळ्यांची बेरीज. बेरीज घटली तर नेमकं कोण गेलं, ते काटा सांगत नाही. हे साताऱ्याला मी काय सांगणार! गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांचा हा जिल्हा. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक आणलं ते 57 किलोच्या गटात. कुस्तीत गट आला की वजन उतरवणं आलंच. पैलवान आदल्या दिवशी पाणी तोडतो, जाड कपडे घालून पळतो, घाम काढतो. दोन-तीन किलो रातोरात जातात, आणि वजन देऊन झाल्यावर खाणं-पिणं पोटात गेलं की परतही येतात. त्यात चरबी जवळपास नसतेच. 2024 साली पॅरिसला विनेश फोगाट यांनी रात्रभर घाम गाळला, केस कापले, तरी 100 ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम फेरी हुकली.

घामावाटे चरबी वितळते ही समजूत मात्र पक्की आहे. पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालत जाणारे मी पाहिलेत. खरं तर चरबी जाते ती मुख्यतः श्वासातून. 10 किलो चरबी जळली तर त्यातली 8 किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडते, उरलेल्याचं पाणी होतं.

आता जाहिरात बघा: आठ दिवसांत चार किलो कमी! एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. चार किलोंच्या झाल्या तीस हजारांवर. तुम्हीआम्ही दिवसाला दोनेक हजार खर्च करतो. म्हणजे आठ दिवस कडकडीत उपास केला, तरी हिशेब सोळा हजारांवर थांबतो. मग काटा खाली आला कसा? भात-भाकरी बंद केली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते. ती असते जेमतेम अर्धा किलो, पण प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून असतो. ते सगळं निघून जातं. मुलीच्या लग्नात दोन वेळा पंगतीला बसलात की परत हजर.

पाण्याचं मला फार वाटत नाही. स्नायूंचं वाटतं. आपले गुरुजी दोन महिने काकडी आणि डाळीचं पाणी यांवर राहिले. आठ किलो उतरले. शेजारीपाजारी कौतुक करत होते. माझ्याकडे आले ते गुडघ्यासाठी. म्हटलं, खाली मांडी घालून बसा आणि उठा. बसले. उठताना एक हात जमिनीवर, दुसरा माझ्या खुर्चीच्या पायाला. मांड्या सैल पडलेल्या, पोट मात्र होतं तिथेच. पुढे जेवण पूर्ववत झालं, वजन परत आलं, पण आलं ते बहुतेक चरबीच्या रूपानं. स्नायू फुकट परत येत नाहीत.

आणि ज्यांचं वजन 'बरोबर' आहे त्यांनी हसू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपण भारतीय असे आहोत: हातपाय काटकुळे, पोटात साठा. मधुमेहाला तेवढं पुरतं.

म्हणून टेप घ्या, शिंप्याची चालेल. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, त्यापुढे काळजी. स्नायू टिकायला खाण्यात रोज उसळ, अंडं, दही असं प्रथिनांचं काहीतरी हवंच. नुसत्या आमटीवर भागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. आणि चालण्याच्या जोडीला जोर-बैठका. जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून काढा, कोणी हसणार नाही.

गुरुजींनी ते केलं. पाच महिन्यांनी आले, नेहमीप्रमाणे खिसे रिकामे करून काट्यावर चढले. फरक दीड किलोचा. चेहरा पडला. मी पट्टा मागितला. जुन्या भोकाभोवतीचं चामडं ताणून लांबट झालं होतं, आणि बकलाची ताजी खूण त्याच्या आत, तिसऱ्या भोकावर होती.