नवं घर शोधताना : पाळीव प्राणी दुसऱ्याच्या हाती देण्याविषयी

(दृश्य : दाराशी ठेवलेला पिंजरा. आत मांजर. वर दोऱ्याने बांधलेली कागदाची पिशवी.)

आजारपण येतं. घर सुटतं. कधी पाळणारं माणूसच राहत नाही. प्राणी देऊन टाकावा लागण्याची कारणं बहुतेक वेळा खरी असतात, त्याबद्दल कुणाला दोष द्यायचं कारण नाही. पण दिलेलं घर टिकत नाही, तेव्हा बहुधा देताना काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं, किंवा मुद्दाम झाकलेलं असतं. ‘एकदम शांत आहे’ म्हणून दिलेला कुत्रा चौथ्या दिवशी भांड्याजवळ आलेल्या मुलावर गुरगुरतो. त्या घराला ते माहीत असतं, तर मूल जवळ गेलंच नसतं.

(दृश्य : पशुवैद्याचं टेबल.)

म्हणून सुरुवात पशुवैद्याकडून करायची. मांजर अचानक लिटरच्या, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेच्या, बाहेर लघवी करू लागलं, तर तो खोडसाळपणा नसून मूत्रमार्गाचं दुखणं असू शकतं. बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा; मूत्रमार्ग बंद झाला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. वय झालेला कुत्रा एकाएकी चिडका होतो, तेव्हा सांधे, दात, कान तपासून घ्यावेत. दुखणं बरं झालं की देऊन टाकायचा विचारच मागे पडतो, असंही होतं.

त्याच भेटीत लसी पूर्ण करा, जंतांचं औषध द्या आणि नसबंदीची तारीख घ्या. ‘नवीन लोक करून घेतील’ यावर सोडू नका. मांजरी चार-पाच महिन्यांचीही गाभण राहू शकते, आणि साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. शस्त्रक्रियेनंतर जखम भरायला दहा ते चौदा दिवस धरा. हे सगळं निवांत व्हायचं, तर हाताशी दोन महिने हवेत.

(दृश्य : वहीत लिहिणारा हात.)

आता लिहायला बसा. कोणतं खाणं, किती ग्रॅम, कोणत्या वेळी. औषध कोणतं, ते कसं भरवता. एकटा किती तास राहतो. फटाके, झाडू, अनोळखी पुरुष, यांतल्या कशाला घाबरतो. आणि चावला असेल तर नीट लिहा : कुणाला, कधी, त्याच्या अगोदर काय चाललं होतं, कातडी फाटली का. ‘कधी कधी चावतो’ एवढ्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. कुत्रा इशारा न देता, जबर चावलेला असेल, तर पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ यांचा सल्ला घेतल्याशिवाय तो कुणाला देऊच नये. बेसावध माणसाच्या घरात तो पाठवणं हा त्या माणसावर आणि कुत्र्यावरही अन्याय आहे.

प्राणी संस्थेकडून किंवा ब्रीडरकडून, म्हणजे पैदास करून विकणाऱ्याकडून, आणला होता का? मग तेव्हाचा करार काढून वाचा. प्राणी आमच्याकडेच परत द्यावा, अशी अट त्यात अनेकदा असते. नसेल तर आधी ओळखीच्यांत, मग दवाखान्यात विचारा, जाहिरात त्यानंतर. फोटो दिवसाच्या उजेडात, प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. ‘फुकट, लगेच न्या’ असं लिहू नका. पैदाशीसाठी किंवा पुढे विकण्यासाठी प्राणी गोळा करणारे अशाच ओळी शोधत असतात.

(दृश्य : खिडकीची जाळी तपासणारी बोटं.)

विचारणाऱ्याला प्रश्न असे करा, की ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही. याआधी कोणता प्राणी होता, त्याचं पुढे काय झालं? गावाला गेलात तर कोण बघेल? भाड्याचं घर असेल, तर मालकाची लेखी परवानगी आहे? घरातल्या प्रत्येकाशी बोला. एकाच्याच हौसेवर आणलेला प्राणी लवकर नकोसा होतो. मग घर पाहा : बाल्कनीला जाळी, फाटकाखालची फट, रात्री झोपायची जागा. तिथे कुत्रा असेल, तर दोघांची पहिली भेट घरात नको. मोकळ्या जागी, अंतर राखून, दोघांना समांतर चालवा.

प्राणी रस्त्यात किंवा वाहनतळावर सोपवू नका, त्यांच्या घरी नेऊन द्या. सोबत न धुतलेलं अंथरूण द्या, त्याला ओळखीचा वास असतो. नेहमीचं खाणं दहा दिवसांचं बांधून द्या. नवीन खाणं थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदलायचं, नाहीतर जुलाब होतात आणि दोष नव्या घराला लागतो.

पहिल्या काही दिवसांत कुत्रा पळून जाण्याचा धोका मोठा असतो. त्याला अजून हे घर आपलं वाटत नसतं, त्यामुळे सुटला की परतण्याजोगी जागाच त्याच्या मनात नसते. गळपट्टा आणि हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही घाला, दोन्हींना वेगळा पट्टा लावा. मांजर आधी एकाच खोलीत ठेवा. बाहेर सोडणारं घर असलं, तरी तीन-चार आठवडे थांबायला सांगा. आणि मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नाही, तर पशुवैद्याला फोन. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं.

(दृश्य : स्कॅनरवर उमटलेला पंधरा अंकी क्रमांक.)

मायक्रोचिपमध्ये, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या बारीक चिपमध्ये, मालकाचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. नाव आणि फोन नोंदणीत असतात. ती नोंद बदलली नाही, तर हरवलेला प्राणी सापडल्यावर फोन जुन्याच घरी वाजतो. लेखी करारात हा क्रमांक, तारीख, लसींचा तपशील, आणि जमलं नाही तर प्राणी कुणाकडे परत यायचा, हे असू द्या. दोन आठवडे चाचणीचे म्हणून ठरवा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग महिन्याने फोन करा. तुम्हाला परत घेणं शक्यच नसेल, तर घेणारं दुसरं माणूस आजच शोधा, त्याला विचारा, आणि त्याचा नंबर करारावर लिहा.