खासदारांचं वेबिल

(दृश्य: फाट्यावरचा प्रवासी निवारा. सकाळची वेळ. ओल्या फडक्यानं पाटी पुसणारा हात.)

फाट्यावरचा हा प्रवासी निवारा. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा बाक आणि दर्शनी भिंतीत बसवलेली ही काळी पाटी. पाटी पुसणारे गृहस्थ एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना अजूनही मास्तर म्हणतं.

फडकं फिरेल तशी अक्षरं वर येतात. आधी योजनेचं नाव. मग खासदारांचं नाव, सगळ्यात ठळक. मग उद्घाटनाची तारीख. त्याखाली कोरलंय, 'खर्च रुपये'. पुढे दगड कोरा आहे.

(निवेदन थांबतं. मास्तरांचं बोट कोऱ्या जागेवर.)

खासदार निधीतून झालेल्या प्रत्येक कामावर अशी पाटी कायमची लावायची असते. खर्च किती झाला, काम कधी सुरू झालं, कधी संपलं, कुणाच्या शिफारशीनं झालं, हे सगळं तिच्यावर हवं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनाच तसं सांगतात. हिशेबासाठी कुणाला दिल्ली गाठावी लागू नये, एसटीची वाट बघता बघता तो वाचता यावा, एवढी साधी ही सोय आहे.

(दृश्य: घर. टेबलावर लांबट वही, खाकी कव्हर.)

नोकरीत असताना मास्तर दर टप्प्याला वेबिलावर, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदावर, तिकिटांचे नंबर टाकायचे. ड्युटी संपली की रोकड जुळवायची, कमी भरली तर खिशातून घालायची. २०१९ च्या निवडणुकीनंतर त्यांनी ही वही घातली. रकाने त्यांचे त्यांनीच पाडले: तारीख, हजर, प्रश्न, उत्तर, आणि शेवटचा, 'आपल्याशी संबंध'.

संगणकाकडचं काम नातीचं. लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या रोजच्या रोज येतात, त्या ती काढते. अधिवेशन चालू असताना सकाळी अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास. दिवसाला २० तारांकित प्रश्न, त्यांची उत्तरं मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यांवर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्न २३०, त्यांची उत्तरं लेखी. छापील यादीत तारांकित प्रश्न हिरव्या कागदावर असतात आणि अतारांकित पांढऱ्यावर. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि सूचना इतक्या येतात की कुणाचा प्रश्न यादीत लागणार हे सोडतीनं ठरतं. बाराच्या ठोक्यापर्यंत वीसच्या वीस प्रश्न क्वचितच संपतात. नाव पुकारल्यावर सदस्य जागेवर नसेल, तर त्याला पुरवणी प्रश्न विचारता येत नाहीत. सोडतीत मिळालेली संधी तिथेच वाया जाते. मास्तर अशा ओळीखाली तांबड्या शाईनं रेघ मारतात.

(दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून.)

हे पान बघा. पीकविम्याबद्दल एक अतारांकित प्रश्न, शेवटच्या रकान्यात 'होय'. त्याच्या खालच्या ओळीत एका बंदराबद्दलचा प्रश्न. या मतदारसंघाला समुद्र नाही. रकान्यात प्रश्नचिन्ह आहे.

खासदार सगळ्या देशासाठी सभागृहात बसतो, तेव्हा बंदराबद्दल विचारण्यात गैर काहीच नाही. पण का विचारलं, हे मतदारानं विचारण्यातही गैर नाही. वहीच्या मागच्या खिशात डिसेंबर २००५ चं कात्रण आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांचं सदस्यत्व तेव्हा गेलं होतं, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. त्याच्याही खूप आधी, १९५१ मध्ये, हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफ बाजारातल्या संघटनेकडून पैसे घेऊन तिची बाजू संसदेत मांडल्याचा ठपका आला, आणि त्यांनी पद सोडलं. म्हणून प्रश्नांची नुसती संख्या मोजून भागत नाही. प्रश्न वाचावा लागतो.

हजेरीचंही तेच. खासदारानं हजेरी नोंदवली तरच त्याला त्या दिवसाचा दैनिक भत्ता मिळतो. तो आता २,५०० रुपये आहे. मंत्री मात्र हजेरी नोंदवत नाहीत, त्यामुळे त्यांची टक्केवारी शोधण्यात अर्थ नसतो. आणि हजेरी लागली म्हणजे माणूस दिवसभर बसून होता, असंही नाही. निवडणुकीच्या तोंडावर फिरणाऱ्या हजेरीच्या आकड्यांवर मास्तर फारसा विश्वास ठेवत नाहीत. आमचंही मत तेच झालं.

वेतनाचं पान छोटं आहे. १ एप्रिल २०२३ पासून वेतन महिना १,२४,००० रुपये, मतदारसंघ भत्ता ८७,०००, कार्यालयीन खर्च ७५,०००. हे ठरलेले पैसे, सगळ्या खासदारांना सारखेच.

(दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालयाचा जिना. मास्तर पिशवी सावरत चढताहेत.)

खरा शोध पुढच्या पैशाचा. खासदार निधीची योजना डिसेंबर १९९३ मध्ये आली, पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान असताना. पहिल्या वर्षी खासदारामागे ५ लाख रुपये होते, दुसऱ्या वर्षी १ कोटी झाले, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी. पाच वर्षांचे २५ कोटी होतात. वहीत मध्येच दोन पानं जवळजवळ कोरी दिसतात, ती कोविडची. एप्रिल २०२० मध्ये निधी थांबला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला.

हा पैसा खासदाराच्या हातात येत नाही, हे गावात अनेकांना पटत नाही. खासदार कामाची फक्त शिफारस करतो. जिल्हा प्रशासन ते काम नियमात बसतं का बघतं, अंदाजपत्रक करून घेतं, प्रशासकीय मान्यता देतं आणि यंत्रणा नेमतं. शिफारशीतल्या रकमेपैकी १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी असावी, असा नियम आहे. म्हणजे एका बाकाचा आणि पत्र्याचा माग काढायचा, तर शिफारसपत्र, मान्यता आदेश, झालेल्या कामाची मापं लिहिलेली मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला, असे चार कागद लागतात. चारही जिल्ह्याच्या गावातच असतात.

(दृश्य: अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प चिकटवणारी बोटं.)

माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. मास्तरांचा पहिला अर्ज वाया गेला होता. 'आमच्या खासदारांनी काय काम केलं?' असं त्यांनी विचारलं होतं. कायद्यानं कागद मागता येतो, मत नाही. दुसऱ्या अर्जात त्यांनी वर्ष लिहिलं, तालुका लिहिला, आणि आदेशांच्या व मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागितल्या. कुणाला असा अर्ज करायचा असेल, तर पडद्यावर थोडं थांबून हा मजकूर उतरवून घ्यावा.

(दृश्य: अर्ज, पूर्ण पडदाभर.)

आदेशांचा गठ्ठा आला. मग यादी घेऊन मोटारसायकलवरून गावोगाव फिरणं. मास्तर मागे बसलेले, नात चालवतेय. ही व्यायामशाळा, यादीत आहे आणि जागेवरही आहे, आत पोरं घाम गाळताहेत. मास्तरांनी वहीत बरोबरची खूण केली. जे झालंय ते झालं म्हणून लिहायचं, हा त्यांचा नियम आम्हाला फार मोलाचा वाटला.

हे समाजमंदिर. कागदावर पूर्ण झालेलं. दाराला कुलूप, कुलपाला गंज. खिडकीच्या गजांतून आत बघा.

(निवेदन नाही. खिडकीतून आतलं दृश्य: फरशी नसलेली जमीन, उगवलेलं गवत. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा.)

अर्जानंतर निवाऱ्याच्या पाटीवर खर्चाचा आकडा आला. पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलाय, आणि आदेशातल्या रकमेशी तो जुळतो. समाजमंदिराच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मात्र ३० दिवस उलटून गेले तरी मिळालेली नाही. पहिलं अपील केलंय.

(दृश्य: वही. पोस्टाची पावती पानाला टाचलेली. नात पट्टीनं नवं पान आखतेय.)

पावती वहीला टाचून ठेवलीय. पुढचं पान पावसाळी अधिवेशनाचं. रकाने तेच आहेत, फक्त 'हजर'चा रकाना नातीनं थोडा अरुंद केलाय आणि 'उत्तर'चा रुंद.