‘पुणे’ लिहायला ३६ चिन्हं

[पडद्यावर: मोबाइल, मराठी विकिपीडियावरचं ‘पुणे’ हे पान]

ब्राउझरच्या पट्टीत ‘पुणे’ स्वच्छ वाचता येतंय. आता हाच पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू. टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ए… एवढ्यात फक्त ‘प’ झाला. उकार, ‘ण’ आणि मात्रा अजून यायच्याच आहेत.

वेबच्या पत्त्यात प्रत्यक्ष प्रवास करतात ती रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं, आणि दर बाइटला टक्क्यासकट तीन चिन्हं. म्हणजे एकाला नऊ. ‘पुणे’ ३६, ‘महाराष्ट्र’ ९०. जोडाक्षरातला हलन्तसुद्धा वेगळा मोजला जातो. आपल्याच गावाचं नाव समोरच्याला असं मिळावं, याचं वाईट वाटतं.

यावरचा उपाय सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकावर आहे: बाहेर छोटा रोमन पत्ता द्यायचा, आणि त्यावरून खऱ्या पानाकडे न्यायचं. वाटा दोन, रिडायरेक्ट आणि रिराइट.

[पडद्यावर: बंद दुकान, दारावर पाटी]

‘दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे.’ रिडायरेक्ट म्हणजे ही पाटी. ब्राउझर ती वाचतो, नव्या जागी जातो, पट्टीतला पत्ता बदलतो. रिराइटमध्ये सर्व्हर आतल्या आत पत्ता बदलतो: गिऱ्हाईक दारातच उभं राहतं, माल आतल्या खोलीतून येतो. आत ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ नावाची फाइल विकिपीडियाचं पान तयार करते. वाचकाला मात्र ‘विकी’, तिरकी रेघ आणि पानाचं नाव एवढंच दिसतं.

अपाची या सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी पत्ते बदलणारं हे यंत्र राल्फ एंगेलशाल यांनी एप्रिल १९९६ मध्ये लिहिलं आणि जुलै १९९७ मध्ये अपाची बनवणाऱ्या गटाला देऊन टाकलं. अमुक नमुन्याचा पत्ता आला तर तमुक उघडायचं, असे त्याचे नियम. दोन नियम एकमेकांकडे बोट दाखवू लागले, की ब्राउझर काही फेऱ्या मारतो आणि थांबतो.

रिडायरेक्ट करताना सर्व्हर ब्राउझरला एक आकडा पाठवतो, तो जपून निवडावा. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर. ब्राउझर ते लक्षात ठेवतो, आणि चुकलेला ३०१ सर्व्हरवर दुरुस्त केला तरी वाचकाच्या फोनमध्ये रेंगाळतो. ३०२ तात्पुरता. आधी ३०२ लावून तपासावं.

आयते छोटे पत्तेही मिळतात, पण ती दुसऱ्याची जागा. गूगलने अशी सेवा २००९ मध्ये आणली. २०१९ पासून तिथे नवे पत्ते बनेनासे झाले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने त्याच वर्षी आपल्या पानांसाठी स्वतःची सोय केली. मला हीच वाट पटते.

[पडद्यावर: वाचनालयाची भिंत, रंगवलेला फलक]

समजा, हे गावचं वाचनालय. फलकावर संकेतस्थळाचं नाव, तिरकी रेघ आणि रोमनमध्ये ‘यादी’: वाय, ए, डी, आय. मागे एका ओळीचा नियम, ३०२ चा. पुढच्या वर्षी पुस्तकांची यादी दुसऱ्या पानावर गेली, तर ती ओळ बदलायची. फलक पुन्हा रंगवायला नको.