शेंडा किती दिवस बुडाला? पूर ओसरल्यावरचा ऊस आणि आपले हिशेब

मंडळी, पावसाळा लागला की आपल्याकडं रोज सकाळी एकच चौकशी असते: कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट? 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांवर गेलं, 2021 च्या जुलैत 56 फूट ओलांडून गेलं. कुठला रस्ता बंद होणार, चिखली-आंबेवाडीची माणसं कधी हलवायची, हे या आकड्यावर ठरतं आणि ते बरोबरच आहे. उसाचं मात्र त्यावरून काही कळत नाही. उसाच्या बाबतीत विचारायचं ते एवढंच, की शेंडा पाण्याखाली किती दिवस होता.

पाणी बसून का राहतं ते आधी बघू. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या घाटमाथ्यावरून जोरात येतात. प्रयाग चिखलीनंतर पंचगंगेचा उतार मोडतो, नदी वळणं घेत संथ होते. पुढं नृसिंहवाडीला कृष्णा आधीच भरलेली असली की पंचगंगेला आत शिरायला वाव राहत नाही आणि पाण्याला फूग येते, म्हणजे ते मागं तुंबतं. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की भाविक स्नानाला धावतात, शिरोळचा शेतकरी मात्र नदीवरची पंपाची मोटार काढायला पळतो. तिथून पुढं ओढ्या-नाल्यांतून पाणी उलटं रानात चढतं. राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले तर दर दरवाजाला 1,428 क्युसेक (सेकंदाला घनफूट) म्हणजे सगळे मिळून दहा हजारांच्या आत पाणी येतं. धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातून येणारं पाणी यात धरलेलंच नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं फूग येते का, हा वाद आज नको. तो काढला तर उसाचं बोलणं राहून जाईल.

वाहत्या पाण्यात प्राणवायू असतो, म्हणून ओढ्याकाठचा ऊस चार-पाच दिवस बुडूनही पुष्कळदा उठतो. घात होतो तो साचलेल्या गढूळ पाण्यात. पाऊस थांबून ऊन पडलं की ते तापतं, मुळं गुदमरतात, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, गाळ बसतो आणि शेंडा आतून कुजतो. वरून पानं हिरवी दिसत राहतात, म्हणून आपण फसतो. पाणी उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी रानात दहा-बारा ठिकाणचे ऊस निवडा आणि कोयत्यानं शेंडा उभा चिरून बघा. आतला गाभा पांढरा, टणक असेल तर ऊस जिवंत आहे. तपकिरी, मऊ आणि वास मारत असेल तर तो शेंडा गेला, त्यावर औषध नाही.

शेंडा गेलेला ऊस लगेच वाळत नाही. डोळे फुटतात, कांडीवर पांगशा (बाजूचे फुटवे) येतात, आणि त्या पांगशा कांडीतलीच साखर खाऊन वाढतात. दिवस जातील तसं वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. असा ऊस आठ-नऊ महिन्यांच्या पुढचा असेल तर कारखान्याच्या शेती गटाला लेखी कळवून पहिल्या तोडीत नाव घाला. त्याचं बेणं कधीच धरू नका, डोळे आधीच फुटून गेलेले असतात.

शेंडा जिवंत असेल तर पहिलं काम पाणी काढायचं. काळ्या रानात पंधरा-वीस सऱ्यांनंतर दोन फूट खोल चर मारा. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत होईपर्यंत, ट्रॅक्टर आत घालू नका, चिखल दाबला गेला की मुळांना हवा मिळायची ती वाटही बंद होते. युरियाची घाई नको. बसलेल्या पाण्यात नत्र हवेत उडून जातं किंवा खाली झिरपतं. वाफसा आल्यावर एकरी एक पोतं युरिया आणि अर्धं पोतं पोटॅश सरीत मातीआड करा. मुळं धरेपर्यंत 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला पाच ग्रॅम घेऊन फवारणी चालते. नव्या पोंग्याची पानं गुंडाळली, कापल्यासारखी तुटली तर तो पोक्का बोइंग हा बुरशीचा रोग. त्याला कार्बेन्डाझिम लिटरला एक ग्रॅम किंवा मॅन्कोझेब तीन ग्रॅम घ्या, आणि द्रावण पोंग्यात उतरलं पाहिजे. पानांवरून नुसतं फिरवून उपयोग नाही.

आता जरा लागणीच्या तारखेकडं या. आडसाली लागण आपण जुलै-ऑगस्टला करतो म्हणजे तिला दोन पावसाळे काढावे लागतात. पहिल्या पुरात ती महिन्याची असते, कांडी जमिनीतच कुजते. दुसऱ्या पुरात उंच असते, पण जड असते आणि लोळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीला एकच पावसाळा, आणि तेव्हा ऊस नऊ-दहा महिन्यांचा असतो, शेंडा बऱ्यापैकी वर असतो. टनेज थोडं कमी पडतं हे मान्य. पण निळ्या रेषेच्या, म्हणजे सरकारी पूररेषेच्या, आत आडसाली धरणं मला तरी जुगार वाटतो.

मोटारीचं थोडक्यात सांगतो. बुडालेली मोटार पाणी उतरल्याबरोबर चालू करून बघू नका, वाइंडिंग तिथंच जळतं. खोला, गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा, उन्हात किंवा आत बल्ब लावून सुकवा. मेगरवर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) एक मेगाओमच्या खाली रीडिंग असेल तर जोडायची नाही. बेअरिंग सरळ नवीन टाका. स्टार्टर आणि खांबावरचं काम महावितरणच्या माणसाशिवाय नाही.

पैशाचं सांगताना स्पष्ट बोलतो. 33 टक्के किंवा त्यावर नुकसान असलं तरच सरकारी अनुदान. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत बागायतीला हेक्टरी 17,000 रुपये होते, दोन हेक्टरपर्यंत. एकरी झाले सुमारे 6,880. साडेचार फुटी सरी आणि दोन फुटांवर रोप धरलं तर एकरी 4,840 रोपं लागतात. अडीच रुपयांचं रोप म्हटलं तरी 12,100 होतात. म्हणजे अनुदानात नवी लागणसुद्धा बसत नाही, मशागत आणि खत तर लांबच. पीकविम्याच्या यादीत ऊस नाही, त्यामुळं तिकडंही हात रिकामा. म्हणून जे मिळतं ते तरी कागदाअभावी घालवू नका. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्याला पिकाची नोंद, पूर यायच्या आधी करून ठेवा. सातबाऱ्यावर पड लागलं असेल तर पंचनाम्यात ऊस कुठून येणार? पंचनाम्याला स्वतः रानात हजर राहा, गट नंबर आणि क्षेत्र वाचून मगच सही करा. तीन इंचांपेक्षा जास्त गाळ बसला असेल तर तो काढायला त्याच निकषांत हेक्टरी 18,000 वेगळे होते, म्हणून गाळ वेगळा लिहून घ्या, आणि गाळात पट्टी उभी करून फोटो काढल्याशिवाय जेसीबी बोलवू नका. अनुदानाच्या यादीत तुमचा विशिष्ट क्रमांक आला आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) मागितली तर ती लगेच करा. पैसे अडकतात ते बहुतेक तिथंच, सामाईक खात्यात तर हमखास.

शेवटचं, ज्याकडं कोणी बघत नाही. आठ-दहा दिवस पाणी बसलं की जमिनीखालची पातळी वर येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सरीवर पांढरी खार फुटते. शिरोळ तालुक्यात याची उदाहरणं सांगायला नकोत. खार दिसली की लोक जिप्समची पोती आणतात. आधी माती तपासा. नुसते क्षार वाढले असतील तर निचरा आणि गोड्या पाण्यानं धुवून काढणं हाच इलाज, जिप्समचं काम नाही. जिप्सम लागतं ते चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या, जमिनीला, आणि तिथंही निचरा नसेल तर पैसे मातीत. जमिनीखाली चार-पाच फुटांवर सच्छिद्र पाइप टाकून मुख्य चरात सोडायचे, ही रीत आपल्याकडं दत्त कारखान्याच्या पुढाकारानं शिरोळमध्ये मोठ्या क्षेत्रावर झाली आहे. अडचण अशी, की एकट्याला ते जमत नाही. तुमचं पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला जाणार, तेव्हा चराची वाट कुठून आणि उतार किती, हे गटातल्या सगळ्यांनी उन्हाळ्यात रान मोकळं असतानाच सोसायटीत बसून ठरवायचं आणि लेखी करून ठेवायचं.