प्रीचिंग टू द क्वायर आणि आपले टाळकरी

नमस्कार मंडळी! आज हा हॉल आपल्याला चर्चने दिलाय, आणि माझ्या मागे त्या लाकडी पायऱ्या दिसतायत ना, तिथे रविवारी क्वायर बसतं, म्हणजे गाणारी मंडळी. पाद्री बोलतो समोरच्या लोकांशी, क्वायर त्याच्या पाठीशी. ही माणसं दर रविवारी हजर, शिवाय मधे एकदा प्रॅक्टिसला येणार, त्यांना देवावर विश्वास ठेवा असं सांगायची गरजच काय? त्यावरून 'प्रीचिंग टू द क्वायर', म्हणजे ज्यांना आधीच पटलंय त्यांनाच उपदेश. मूळ इंग्लंडमधलं, १९व्या शतकात तिथे 'प्रीचिंग टू द कन्व्हर्टेड', म्हणजे धर्मात आधीच आलेल्यांना उपदेश, असं म्हणायचे, क्वायर त्यात आलं ते अमेरिकेत, १९७० च्या दशकात.

मी इथे अमेरिकेत नवीन असताना ऑफिसमधे एका मीटिंगनंतर तावातावाने माझा मुद्दा मांडत होतो आणि शेजारचा म्हणाला, यू आर प्रीचिंग टू द क्वायर. मला वाटलं हा म्हणतोय तुझं कोणी ऐकत नाही. खरं तर तो म्हणत होता, अरे मी तुझ्याच बाजूचा आहे! आपल्यातले बरेच जण याला 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणतात, तसं नाहीये ते. पालथ्या घड्यात पाणी शिरतच नाही, इथे घडा आधीच काठोकाठ भरलेला असतो.

पण मला एक मनापासून वाटतं. वारकरी कीर्तनात टाळकरी कीर्तनकाराच्या मागेच उभे असतात, अभंग त्यांना पाठ, तरी त्यांना कोणी फुकट धरत नाही, कारण बुवांनी चरण म्हटला की तो उचलायचा त्यांनीच, ते नसतील तर कीर्तन उभंच राहत नाही. इथल्या ब्लॅक चर्चमधे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधे, पण तसंच, पाद्री एक वाक्य बोलला की क्वायर आणि लोक उत्तर देतात. म्हणून आपल्याच माणसांशी बोलणं वाया जातं हे मला पटत नाही, त्यांनी पुढचा चरण उचलला पाहिजे एवढंच.

आता बघा, मराठी टिकली पाहिजे हे मी दरवर्षी इथे बोलतो आणि तुम्ही टाळ्या वाजवता, तुम्ही तर गाडी चालवत दोन-दोन तास आलायत, तुम्हाला काय सांगायचं? आपली मुलं बाहेर पार्किंग लॉटमधे बास्केटबॉल खेळतायत. माझी अजून दहा मिनिटं शिल्लक आहेत, ती मी तिकडे त्यांच्याबरोबर घालवणार आहे, मराठीत. कोण कोण येतंय?