रविवारची मिस्सा आणि कडेवरचं मूल

नमस्कार श्रोतेहो. गोव्यातल्या ज्या कॅथोलिक आईबाबांचं चर्चला जाणं मधल्या काळात सुटलं आणि घरात मूल आल्यावर आता पुन्हा जावंसं वाटू लागलंय, त्यांच्याशी आज बोलायचंय. बाकीच्यांनीही रेडिओ बंद करू नये. शेवटी त्यांच्याकडे एक मागणं आहे.

सुटतं कसं, हे कुणाला सांगायला नको. शिक्षणासाठी पुणं नाहीतर मुंबई, मग नोकरी, मग आठवड्याची एकुलती एक सुट्टी. हॉटेलात काम करणाऱ्याला तर तीही मिळत नाही. कळंगुट-कांदोळीला रविवार हाच गर्दीचा दिवस. त्यात २०२० साल आलं, चर्चची दारं बंद झाली आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मोबाइलवर आली. दारं उघडली तरी काही घरं परतलीच नाहीत. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता शाळेत जातात. नाताळ आणि गावचं फेस्त सोडलं तर त्यांतल्या कित्येकांनी वेदी जवळून पाहिलेली नाही.

परतणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "आता मुलासाठी तरी जायला हवं." मी बरीच वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते, इथल्या भाषेत दोतोर्न शिकवते. मला या वाक्यातला तो 'तरी' खटकतो. चर्चचा कायदाच बघा ना. १९८३च्या कॅनन लॉप्रमाणे सात वर्षं पूर्ण न झालेल्या मुलावर रविवारच्या मिस्सेचं बंधन नाहीच. बंधन आहे ते आईबाबांवर, आणि तेही सरसकट नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात मिस्सा चुकण्याची सबळ कारणं देताना आजारपणाच्या जोडीला तान्ह्या मुलांची देखभाल असं सरळ लिहिलंय. रात्रभर बाळाने जागवलं आणि सकाळी जाणं झालं नाही, तर पाप लागलं म्हणून आठवडाभर झुरायचं काही कारण नाही. सासूबाईंनीही हे ऐकून ठेवावं.

म्हणजे मुलाला सक्ती नाही आणि अडचणीच्या रविवारी तुम्हालाही सूट आहे. तरीही जावंसं वाटतं, ते तुमचं स्वतःचं वाटणं आहे. ते मुलाच्या नावावर कशाला टाकायचं? बापाला स्वतःला तिथे काही हवं असलं की मुलाला ते बरोबर कळतं. मूल फाटकाशी सोडून दोतोर्न सुटेपर्यंत स्कूटरवर बसून मोबाइल बघणारे बाबा मी दर रविवारी बघते. त्यांच्या मुलांना प्रार्थना पाठ होतात, नाही असं नाही. पण मोठं झाल्यावर आपणही स्कूटरवरच बसायचं असतं, हेही ती त्याच तासात शिकतात.

काही घरं पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मूल मिस्सेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेतं त्या, वर्षी अचानक उगवतात. मूल तोवर तिसरी-चौथीत गेलेलं असतं. इतकी वर्षं कधी न बसलेल्या मुलाला एकदम तासभर बसवायचं, वर सगळं पाठ करून घ्यायचं. त्याच्या दृष्टीने ती आणखी एक परीक्षाच. त्यापेक्षा तीन वर्षांचं असताना ते बाकावर चढेल, उतरेल, हात वर करणाऱ्या फादरांकडे बोट दाखवेल, ते पुष्कळ बरं.

आता बसायचं कुठे? नव्याने येणारे आईबाबा सगळ्यात मागे, दाराशी बसतात. रडलं तर पटकन बाहेर नेता येईल, हा हिशेब. पण मागून त्या मुलाला दिसतं काय? मोठ्यांच्या पाठी. मग ते बाकाखाली शिरणार, नाहीतर पुढच्या बाईंच्या पदराशी खेळणार. पुढच्या तीन-चार रांगांत, मधल्या वाटेच्या किंवा बाजूच्या दाराच्या कडेला बसून बघा. गोव्यातल्या बहुतेक जुन्या चर्चना बाजूला दारं असतात आणि बाहेर मोकळं आवार असतं. पुढून मुलाला मेणबत्त्या दिसतात, घंटी वाजवणारा मुलगा दिसतो, फादरांच्या झग्याचा रंग दिसतो. हिरवा का, जांभळा का, हे ते स्वतःहून विचारतं, आणि तुम्हाला सांगता आलं नाही तर दोघांनी मिळून फादरांना विचारायचं.

रडलं तर बाहेर जा, शांत झालं की परत आत या. बाहेर गेल्यावर लगेच मोबाइल किंवा गोळी देऊ नका. रडलं की बाहेर मजा मिळते, हे मुलाला दोन रविवारांत समजतं. बाळाला भूक लागली असेल तर तिथेच पाजा. २०१४च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी खुद्द सिस्टाइन चॅपेलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आयांना सांगितलं होतं की बाळं भुकेली असतील तर संकोच न करता पाजा. मायकेलअँजेलोच्या चित्रांखाली चालतं ते आपल्या गावच्या चर्चमध्ये का चालू नये? आणि कम्युनियनआधीचा एक तासाचा उपास कम्युनियन घेणाऱ्यांना असतो, कडेवरच्या मुलाला नाही. त्याला पोटभर खाऊ घालूनच आणा.

"तासभर कसं बसेल हो?" असं विचारणाऱ्यांना मी जुन्या गोव्याची आठवण देते. २०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या जानेवारीपर्यंत संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं प्रदर्शन होतं, तेव्हा हीच मुलं, हेच आईबाप रांगेत उभे होतेच की! तरीही तास जड वाटत असेल तर सुरुवात चर्चपासून करूच नका. वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, संध्याकाळी लादीन ही गाऊन म्हणायची प्रार्थना होते तिथे न्या. उघड्यावर, थोडा वेळ, गाणी म्हणत. आणि शेवटी उकडलेले चणे. चण्यांसाठी येणारं मूलही मूलच, त्यात कमीपणा मानू नये.

सगळ्यात कठीण काम, नवरा जहाजावर असलेल्या बाईचं. गोव्यात अशी घरं वाड्यावाड्यात आहेत. एक मूल कडेवर, एक हाताला, पावसाळ्यात वर छत्री, आणि सकाळची मिस्सा. ती उशिरा पोचते, मागे उभी राहते, प्रवचन सुरू होईपर्यंत धाकटं रडायला लागतं आणि ती घरी परतते. अशा बाईने शनिवार संध्याकाळची मिस्सा धरावी. आदल्या संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचं बंधन पुरं होतं, हेही कॅनन लॉमध्येच आहे. हॉटेलवाल्यांनाही तीच सोयीची, आणि वेर्ण्याच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्यांनाही. पण नुसती वेळ बदलून तिचे दोन हात तीन होत नाहीत. तिला शेजारी बसणारं माणूस हवं, आणि ते चर्चमधूनच मिळायला हवं. व्हॅटिकनने १ नोव्हेंबर १९७३ला मुलांच्या मिस्सेबद्दल मार्गदर्शिका काढली, तिच्यात यावर विचार झालेला आहे: अगदी लहान मुलांना पॅरिशमधल्या, म्हणजे त्याच चर्चच्या लोकांपैकी, कुणीतरी वेगळ्या जागी सांभाळावं आणि मिस्सेच्या शेवटी सगळ्यांबरोबर आशीर्वादासाठी आत आणावं. यासाठी एक खोली आणि दोन तरुण मुली पुरतात. तुमच्या चर्चमध्ये ही सोय नसेल तर विगारांकडे, म्हणजे तिथल्या मुख्य फादरांकडे, मागा. मागितल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

आपल्या मराठी घरांची म्हणून एक वेगळी अडचण आहे. सावंतवाडी, वेंगुर्ला, बेळगाव, वसई इथून आलेली माणसं आपण. फादर थॉमस स्टीफन्सनी मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली इथेच, राचोलला छापलं गेलं. आज मात्र गावोगावी मिस्सा कोकणीत, आणि गाण्यांची पुस्तकं रोमन लिपीत. मुलांना याचा काही त्रास नाही, ती बालवाडीतच कोकणी उचलतात. अडखळतो आपण. त्यावर मला एक उपाय जमलेला दिसलाय: शनिवारी रात्री झोपताना दुसऱ्या दिवशीच्या शुभवर्तमानाची गोष्ट मुलाला मराठीत सांगायची. जक्कय झाडावर चढला, वादळात होडी हेलकावली, एवढंच. सकाळी कोकणीत ते नाव कानावर पडलं की मूल मान वर करतं, आणि प्रवचनातलं निम्मं तुम्हालाही समजतं.

पाच-दहा वर्षांनी परतणाऱ्यांच्या मनात कुमसाराची, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याची, भीती असते. फादरांना सुरुवातीलाच सांगा, खूप वर्षं झाली, विसरलोय. ते बोट धरून नेतात. लग्न नुसतं रजिस्टर झालेलं असेल, तर आधी विगारांना भेटून बोलून घ्या; कम्युनियनचं तिथे ठरेल, मिस्सेला बसायला तोवर कुणाची आडकाठी नाही. नवरा हिंदू आणि बायको ख्रिस्ती, अशीही घरं आपल्यात आहेत. त्या नवऱ्याने निःसंकोच येऊन बसावं. कम्युनियनच्या वेळी जागेवर बसून राहिलं तरी चालतं, मुलाला तेवढं मांडीवर घ्यावं.

आता बाकीच्यांकडे वळते, म्हणजे दर रविवारी त्याच बाकावर बसणाऱ्या आपल्याकडे. मूल रडलं की आपण मागे वळून बघतो. तोंडाने काही बोलत नाही, पण त्या बघण्याने एखादी आई पुढचे सहा महिने येत नाही. वळायचंच असेल तर हसून वळा, नाहीतर समोर बघा. आणि कडेच्या जागा अडवून बसू नका. आपल्याला मध्येच उठायचं नसतं, त्यांना असतं. येत्या रविवारी बाकावर जरा आत सरका.